खारपाणपट्ट्यात बोअर की शेततळं?

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरवर पैसा घालू नका. खोल गेलं तरी पाणी खारंच लागतं. तेच देत राहिलं की काळी जमीन चोपण होते, म्हणजे घट्ट होऊन तिच्यात पाणी मुरत नाही.

शेततळ्यात पावसाचं गोड पाणी साठतं. 30 × 30 × 3 मीटरच्या तळ्यात सुमारे 20 लाख लिटर मावतं, आणि एका एकराला 5 सेंटिमीटर पाणी द्यायला 2 लाख लिटर लागतं. पावसानं दडी मारली, तर बाष्पीभवन आणि पाझर धरूनही पाच-सहा एकर सोयाबीनला शेंगा भरताना एक ओलित होतं. तुषार संच असेल तर आणखी पुरतं. जागा अडते, हे खरं.

पट्ट्याबाहेर गोड पाणी असेल तर बोअर चालेल, पण पुनर्भरणाशिवाय, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याच्या सोयीशिवाय, मारू नये.