पोरो की रूफ: दुर्बीण विकत घेण्यापूर्वीची पारख

पक्षीनिरीक्षणासाठी पहिली दुर्बीण घेणाऱ्यासमोर दुकानदार बहुधा सारख्याच किमतीच्या दोन वस्तू ठेवतो. एक जुन्या घडणीची, खांद्यांत रुंद असलेली पोरो लोलकांची (लोलक म्हणजे आतला प्रकाश वळवणारा काचेचा ठोकळा), तर दुसरी सरळ नळ्यांची, हातात सुबक बसणारी रूफ लोलकांची. दोन्हींवर ८×४० किंवा ८×४२ असे आकडे असतात. त्यांतला पहिला आकडा पक्षी किती पट जवळ भासेल ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. आकडे जवळपास सारखे असले तरी दोन्हींतून दिसणारे चित्र सारखे नसते, आणि फरक कुठे शोधायचा हे ठाऊक असेल तर तो दुकानाच्या दारात उभे राहून पंधरा मिनिटांत ओळखता येतो.

पोरो रचनेचे पेटंट इग्नात्सिओ पोरो या इटालियन तंत्रज्ञाने १८५४ मध्ये घेतले. या रचनेत पूर्ण आंतरिक परावर्तनाने, म्हणजे काचेच्या आतल्या बाजूवरूनच सगळा प्रकाश परत फिरून, तो वळत जातो, त्यामुळे लोलकांवर आरशासारखा लेप द्यावा लागत नाही. आज सर्रास मिळणाऱ्या रूफ दुर्बिणींत मात्र लोलकाच्या एका पृष्ठभागावर परावर्तक लेप लागतो, आणि प्रतिमा रेखीव राहावी म्हणून ‘फेज कोटिंग’ हा आणखी एक लेप लागतो. हे लेप खर्चिक असल्यामुळे स्वस्त रूफ दुर्बिणींत पहिली काटकसर तिथेच होते. म्हणूनच बजेट कमी असेल, तर त्याच पैशांत पोरो दुर्बीण अधिक उजळ आणि अधिक रेखीव चित्र देते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही आपल्याकडचा पाऊस हा निर्णय उलटवू शकतो. बहुतेक पोरो दुर्बिणींत फोकसचे चाक फिरवले की नेत्रभिंगांच्या नळ्या आतबाहेर सरकतात आणि दमट हवा आत ओढली जाते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर दोनतीन पावसाळे काढल्यावर अशा दुर्बिणीच्या लोलकांवर बुरशीचे जाळे पसरण्याची भीती असते. रूफ दुर्बिणीत फोकसची हालचाल आतच होते, त्यामुळे ती बंदिस्त करून आत नायट्रोजन भरणे सोपे जाते. निकॉनच्या ॲक्शन ईएक्स मालिकेसारख्या काही पोरो दुर्बिणीही जलरोधक असतात, पण ८×४० चे वजन ८५५ ग्रॅम आहे आणि दिवसभर गळ्यात वागवताना ते जाणवते. जे जूनमध्येही जंगलात जाणार आहेत त्यांनी जलरोधक दुर्बीणच घ्यावी. ज्यांचे निरीक्षण भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांपुरते आणि घराच्या गच्चीपुरते आहे, त्यांना साधी पोरो पुष्कळ वर्षे पुरेल. मात्र फुलपाखरे पाहायची असतील तर रूफकडे वळावे, कारण त्यांतल्या अनेक दुर्बिणी सुमारे दोन मीटरवरची वस्तूही स्पष्ट दाखवतात, तर पोरोला बहुधा त्याहून बरेच जास्त अंतर लागते.

प्रकार ठरला तरी हातातला नेमका नग चांगला आहे की नाही, हे वेगळे तपासावे लागते. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तपासणी दोन्ही नळ्या एकाच दिशेला पाहतात की नाही ही आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण करत नाहीत. दूरची विजेची तार किंवा गच्चीच्या कठड्याची आडवी रेघ दुर्बिणीतून पाहा आणि मग तिच्यावरची नजर न हलवता दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दहापंधरा सेंटिमीटर पुढे न्या. दोन वर्तुळांत ती रेघ एकाच उंचीवर राहिली पाहिजे. एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली दिसली तर तो नग परत करावा. आडव्या दिशेची किंचित चूक डोळे सावरून घेतात, पण उभ्या दिशेची चूक त्यांना फारशी सावरता येत नाही आणि अर्ध्या तासात डोके दुखू लागते. माझी पहिली दुर्बीण अशीच होती, आणि त्या डोकेदुखीचे खापर मी वर्षभर उन्हावर फोडत राहिलो. हा दोष दोन्ही प्रकारांत आढळतो, पण धक्का लागल्यास पोरोचे लोलक सहज जागचे हलतात, म्हणून वापरलेली पोरो घेताना ही तपासणी मुळीच टाळू नये.

यानंतर दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा आणि नेत्रभिंगात दिसणारे प्रकाशाचे लहान वर्तुळ पाहा. ८×४२ मध्ये त्याचा व्यास ४२ भागिले ८, म्हणजे सुमारे ५.२५ मिलिमीटर असला पाहिजे, तर १०×४२ मध्ये तो ४.२ भरतो. वर्तुळ मोठे तर डोळ्यात येणारा प्रकाश जास्त, त्यामुळे संध्याकाळी झाडीच्या सावलीत हा फरक स्पष्ट जाणवतो, म्हणून जंगलासाठी मी दहापेक्षा आठ पट पसंत करतो. मोजलेले वर्तुळ हिशेबापेक्षा लहान भरले तर छापलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. रस्त्यावर ‘३०×६०’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खिशात मावणाऱ्या दुर्बिणी या कसोटीवर लगेच उघड्या पडतात. पोरोमध्ये या वर्तुळाच्या कडा करड्या आणि चौकोनी दिसल्या तर लोलक हलक्या प्रतीच्या बीके-७ काचेचे असण्याची शक्यता असते. चांगल्या प्रतीच्या बीएके-४ काचेचे वर्तुळ गोल आणि स्वच्छ दिसते.

पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहावे: ते मंद हिरवे वा जांभळे असेल तर भिंगावरचे (परावर्तन कमी करणारे) लेप बरे आहेत, पांढरेशुभ्र असेल तर ते कमी आहेत. आकाशापुढची काळी फांदी पाहताना तिच्या कडेला जांभळी किनार थोडी दिसणारच, पण ती वर्तुळाच्या मध्यभागीही ठळक असेल तर दुसरा नग मागावा. चष्मा वापरणाऱ्यांनी नेत्रभिंगांची रबरी कडी खाली करून, चष्मा न काढता, पूर्ण वर्तुळ दिसते का ते पाहावे; त्यासाठी डोळा आणि नेत्रभिंग यांत सुमारे १६ मिलिमीटर किंवा अधिक अंतराची सोय लागते.

जुनी दुर्बीण घेत असाल तर शेवटी पुढच्या भिंगातून टॉर्चचा प्रकाश आत सोडून नेत्रभिंगाकडून तिरके पाहा, कारण बुरशीचे धागे समोरच्या उजेडात लपतात आणि तिरक्या उजेडातच दिसतात. डोळा नेत्रभिंगाला लावून मात्र टॉर्चकडे पाहू नये.