गुडघ्यातलं इंजेक्शन: स्टेरॉइड की जेल?

आई जिन्याचा कठडा घट्ट धरून, आडवी होऊन एकेक पायरी उतरू लागली, तेव्हा घरात इंजेक्शनचा विषय निघाला.

स्टेरॉइड सांध्यातली सूज उतरवतं. काही दिवसांतच ठणका कमी होतो, पण आराम टिकतो तो काही आठवडेच. मधुमेह असेल तर थोडे दिवस साखर वाढते. घरी मोजत राहा. वारंवार मात्र घेऊ नका. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत गुडघ्याची झीज असलेल्या १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड दिलं, उरलेल्यांना नुसतं सलाइन. दुखण्यात फारसा फरक दिसला नाही, कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, मात्र स्टेरॉइडवाल्यांची जास्त झिजली.

जेल म्हणजे हायलुरोनिक अ‍ॅसिड, सांध्यातल्या वंगणाचाच घटक. गुण हळूहळू येतो, खर्च हजारांत जातो. 'वंगण भरलं की गुडघा नवा' हे खरं नाही. झिजलेली कूर्चा त्याने परत येत नाही. अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी स्टेरॉइडची ठाम शिफारस केली, जेल न देण्याची शिफारस मात्र सशर्त, म्हणजे कमी ठाम.

आम्ही भाचीच्या लग्नाआधी एकदाच स्टेरॉइड दिलं. दुखणं उतरलं तेवढ्या दिवसांत आईला मांडीचे व्यायाम लावले, ते अजून चालू आहेत.