म्हसवडची जावळाची घोंगडी: काश्मीरच्या अख्ख्या हिवाळ्यात वापरून बघितली

घोंगडी घ्यायचीच असेल तर हातानं कातलेल्या सुताची, हातमागावर विणलेली आणि जमलं तर जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या लोकरीची घ्या, हे पहिल्यांदाच सांगून टाकते. कुणाला पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं कळलं तरी बास.

मी हे महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीवरून लिहीत नाहीये. आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडचे आणि आमच्या ह्यांचा गलाईचा धंदा श्रीनगरला आहे. आपल्याकडच्यांना हे समजावून सांगायला नको, खानापूर आटपाडी तासगाव कवठेमहांकाळ ह्या पट्ट्यात भावकीतला एखादा तरी माणूस गलाईत असतोच, कुणी केरळात, कुणी कलकत्त्यात, कुणी दिल्लीत, सोनं-चांदी आटवायची भट्टी घेऊन बसलेला. आम्ही लाल चौकाच्या जवळ भाड्यानं राहतो, दिवाळीला गावाकडं येतो आणि थंडीच्या आधी परत जातो. बरेच जण हिवाळ्यात बायकापोरं गावाला ठेवतात पण मला ते पटत नाही, माणूस तिकडं एकटा आणि आपण इकडं, त्यापेक्षा थंडी परवडली.

तर ती थंडी कशी असते ते सांगते, नाहीतर घोंगडीचं मोल कळणार नाही. २१ डिसेंबरला चिल्लई कलां, म्हणजे सगळ्यात कडाक्याच्या थंडीचा काळ लागतो तो चाळीस दिवस, त्याच्यामागं चिल्लई खुर्द वीस दिवस आणि मग चिल्लई बच्चा दहा दिवस, म्हणजे मार्च उजाडेपर्यंत सुटका नाही. २०२४ च्या डिसेंबरात श्रीनगरला पारा उणे साडेआठवर गेला होता, पन्नास वर्षांत डिसेंबरमध्ये एवढी गार रात्र झाली नव्हती म्हणे आणि मी त्या रात्री तिथंच होते. दल सरोवराच्या कडेला बर्फाचा थर, घरातले नळ गोठलेले, सकाळी उठून आधी चहाचं नाही तर नळावर ओतायचं पाणी तापवायचं. पुढं आठवड्याभरात मोठा बर्फ पडला आणि रस्ता बंद. जम्मूकडचा रस्ता बंद झाला की भाजीचे भाव चढतात, म्हणून तिथल्या बायका उन्हाळ्यातच वांगी, दुधी, टोमॅटो कापून दोऱ्यात ओवून वाळवून ठेवतात, त्याला होख स्यून म्हणतात. मीपण आता शिकलेय, वाळवलेल्या वांग्याला आपला कांदालसणाचा मसाला घातला की पोरं तक्रार करत नाहीत. शाळांना हिवाळी सुट्टी, पोरं दिवसभर घरात, लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि हे सकाळी बर्फातनं दुकानावर.

आता घोंगडीचं. आमच्या आत्या म्हणजे सासूबाई कितीतरी दिवस म्हणत होत्या, ती चमकणारी ब्लँकेटं काय घेताय, एक चांगली घोंगडी न्या. मग गेल्या वेळच्या आधीच्या दिवाळीत आटपाडी-दिघंचीवरून म्हसवडला गेलो. म्हसवड साताऱ्यात येतं, माण तालुका, मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाची यात्रा भरते ते गाव, आणि तिथं सणगर समाजाची घोंगडी विणणारी घरं आहेत. दुकानात न जाता थेट विणणाऱ्यांच्या घरी गेलो आणि मला वाटतं सगळ्यांनी तसंच करावं, कारण तिथं माल कसा होतो ते डोळ्यांनी बघायला मिळतं. विणणारे मामा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेले, मावशी सूत कातत होत्या, आणि अंगणात उभं सूत ताणून त्याला चिंचोक्याची खळ लावून ठेवली होती. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून ती खळ करतात आणि कुंच्यानं सुतावर ओढतात म्हणजे विणताना सूत तुटत नाही. मी हात लावून बघितला, ते सूत वाळल्यावर तारेसारखं कडक लागत होतं. मामा म्हणाले, "ताई, नवी घोंगडी कडक लागली म्हणून नाक मुरडू नका, ही खळ हाय, एक धुणं झालं की निघून जाती."

जावळाची म्हणजे कोकराची पहिली कातरलेली लोकर. ती मऊ असते आणि निघते पण थोडी, म्हणून महाग. मोठ्या मेंढराच्या लोकरीची घोंगडी स्वस्त मिळते पण बोचते जास्त. आणि आता लोकरच कमी मिळायला लागलीय असं मामा सांगत होते, कारण धनगर लोकं मटणाला चालणारी मेंढरं जास्त पाळायला लागलीत, आपल्या जतकडची माडग्याळी बघा, उंचीपुरी देखणी मेंढी, पैसे चांगले येतात, पण लोकर अंगावर फारशी नसते. त्यात गावात पोरं मागावर बसायला तयार नाहीत. हे ऐकून वाईट वाटलंच, आणि तिथं घासाघीस करायचं मनात आलं नाही. साडेचार हजाराला एक काळी घेतली, मेंढीचाच काळा रंग, डाय नाही. दोरीनं वळकटी बांधून पुण्यातनं झेलम एक्स्प्रेसनं जम्मूला आणि तिथनं गाडीनं वर. तेव्हा कटऱ्याहून श्रीनगरची रेल्वे सुरू झाली नव्हती, ती जून २०२५ ला झाली, आता नेणं सोपं आहे.

वापरायची कशी ते महत्त्वाचं, कारण चुकीची वापरली की लोक म्हणतात बोचते आणि कपाटात टाकून देतात. अंगाला लागून आपली सुती वाकळ घ्यायची, वर रजई, आणि सगळ्यात वर घोंगडी. उघड्या अंगाला ती लागलीच नाही पाहिजे. जड असते त्यामुळं रजई जागची हलत नाही, पोरानं लाथा मारल्या तरी पांघरूण बाजूला जात नाही आणि कडेनं गार हवा आत शिरत नाही. आम्ही तिकडं खालीच गाद्या घालून झोपतो, आणि ती खोली उत्तरेच्या भिंतीची. रात्रभर माणसांचा श्वास कोंडला की सकाळी खिडकीवर आतनं बर्फाची नक्षी आणि भिंतीला ओल. पहिलं जे मिंक ब्लँकेट होतं ते भिंतीकडच्या बाजूला सकाळी हाताला गारढोण ओलसर लागायचं आणि तीच ओल पुढच्या रात्री पांघरायची. घोंगडीलापण ओल धरते पण ती ओली लागत नाही. लोकर म्हणे स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते तरी हाताला कोरडी वाटते. मी हे वाचून नाही, रोज सकाळी हात फिरवून सांगतेय, घोंगडीखालची रजई कोरडी असायची. दिवसा बुखारी, म्हणजे तिकडची खोली तापवायची शेगडी पेटवली की समोर दोरीवर टाकायची, संध्याकाळपर्यंत परत तयार.

आता मला सगळ्यात मनापासून जे सांगायचंय ते. काश्मीरात दर हिवाळ्यात बातम्या येतात, बंद खोलीत शेगडी नाहीतर गॅसचा हीटर लावून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही. कोळशाचा गॅस, कार्बन मोनॉक्साईड, त्याला वासपण नसतो. नवीन गेलेली माणसं, भाड्याच्या खोलीत राहणारी, थंडी सहन होत नाही म्हणून सगळ्या फटी बुजवतात आणि कांगडी (निखाऱ्याचं भांडं) किंवा बुखारी तशीच ठेवून झोपतात. इलेक्ट्रिक ब्लँकेट चांगलं असतं पण लाईट गेली की ते नुसतं फडकं. म्हणून रात्रीची ऊब आगीवर आणि लाईटवर अवलंबून नको, पांघरुणातच असली पाहिजे. घोंगडी आल्यापासून आमच्याकडं झोपायच्या आधी बुखारी विझवायची, कांगडी बाहेर काढून ठेवायची आणि खिडकी बोटभर उघडी, हा नियम आहे आणि तो पाळता येतो. एवढ्यासाठी मी साडेचार काय दहा हजारसुद्धा दिले असते.

कांगडी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काड्यांच्या विणलेल्या टोपलीत बसवलेलं मातीचं भांडं, त्यात निखारे, आणि तिथली माणसं ती फिरनच्या, म्हणजे त्यांच्या लांब सैल अंगरख्याच्या आत धरून फिरतात. शरद संपताना चिनारची पानं जाळून कोळसा करून ठेवतात तो त्यात घालतात. एकदा संध्याकाळी धाकट्याचा पाय लागून कांगडी कलंडली आणि करंगळीच्या नखाएवढा निखारा घोंगडीवर पडला. मी चिमट्यानं उचलेपर्यंत केस जळल्याचा वास सुटला होता, पण जाळ काही झाला नाही. खाली बघितलं तर वाटाण्याएवढा काळा डाग, नखानं खरवडला तर राख भुगा होऊन पडली आणि खालची वीण शाबूत. लोकर पेटायला पाचशे-सहाशे डिग्री लागतात आणि पेटली तरी निखारा काढला की आपोआप विझते. तेच पॉलिस्टरचं ब्लँकेट अडीचशेच्या आसपास वितळायला लागतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. ज्या घरात लहान पोरं आणि निखारे एका खोलीत आहेत त्यांनी ह्याचा विचार करावाच.

हे बघून ह्यांनी घोंगडी दिवसा दुकानावर न्यायला सुरुवात केली. गलाईच्या कामात तोंडासमोर भट्टी, सोनं वितळायलाच हजाराच्या वर डिग्री लागतात, आणि पाठीमागं दार उघडं, कारण तेजाबाचा धूर बाहेर जायला पाहिजे. म्हणजे छातीला घाम आणि पाठीला बर्फाची हवा, दरवर्षी फेब्रुवारीपर्यंत पाठ धरायचीच. आता घोंगडी दुहेरी करून पाठीवरून घेऊन बसतात, ठिणगीची भीती नाही, आणि ह्या वेळी पाठीचं दुखणं निघालं नाही. रात्री घरी आणायची, सकाळी परत न्यायची, असं चाललं होतं, म्हणून दुसरी घ्यायचं ठरलं.

शेजारच्या चाचींचं पण सांगते, कारण त्या लोकरीच्याच मुलखातल्या. त्यांच्याकडं लोई, म्हणजे तिकडची लोकरीची शाल आहे, मऊसूत, गालाला लावावी अशी, पश्मिन्याच्या तर गोष्टीच वेगळ्या. त्यांनी घोंगडी दोन बोटांत चुरून बघितली, उजेडाला धरली, वास घेतला, आणि पहिला प्रश्न, मेंढी कुठली? मग म्हणाल्या, ही अंगावर मिरवायची नाही, ही कामाची आहे. मला त्यांचं मत पटलं. लोईशी तुलना करून घोंगडीला नावं ठेवू नका, दोन्हींचं काम वेगळं.

आता तक्रारी. बोचते, जावळाची असली तरी बोचते, ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी वाकळीशिवाय घेऊच नये. पहिले काही आठवडे काळी लव गळते आणि पांढऱ्या चादरीवर दिसते. जड आहे, म्हाताऱ्या माणसाला एकट्याला झटकून घडी घालता येत नाही. ओल लागली की मेंढराचा वास येतो, मोठ्या मुलीनं पहिले दिवस नाक दाबून धरलं होतं, नंतर सवय झाली. आणि हिवाळ्यात धुवायचा विचारसुद्धा करू नका, तिकडच्या हवेत ती आठवडाभर वाळत नाही. आम्ही खळ काढायचं पहिलं धुणं गावाकडंच विहिरीवर उरकलं होतं, थंड पाण्यात रिठ्यानं, पिळायची नाही, नुसती दगडावर निथळत ठेवायची. गरम पाण्यात घातली की आटते.

फसवणूक लई चालते हेही सांगायला पाहिजे. बाजारात आणि ऑनलाईन घोंगडी म्हणून जे विकतात त्यात पुष्कळदा ॲक्रेलिकचं सूत मिसळलेलं असतं. माझ्या जावेनं अशीच एक ऑनलाईन मागवली होती, फोटोत काळीभोर, हातात घेतल्यावर हलकी आणि गुळगुळीत. ओळखायची सोपी रीत म्हणजे कडेचा एक धागा काढून काडीनं जाळायचा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरते, कृत्रिम असेल तर वितळून कडक मणी होतो. आणि हातानं कातलेलं सूत कुठं जाड कुठं बारीक असतंच, एकसारखं दिसलं तर समजायचं गिरणीचं आहे. चांगला विणकर धागा जाळून बघायला कधीच नाही म्हणत नाही, आमच्या मामांनी तर स्वतःच काडेपेटी दिली.

उन्हाळ्यात ठेवताना कसर लागते, ती सांभाळा. कडक ऊन दाखवून, झटकून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घडीत घालून जुन्या सुती लुगड्यात बांधून ठेवायची, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. आत्यांची स्वतःची घोंगडी अशीच टिकलीय, त्यांच्या लग्नातली आहे आणि अजून वापरात आहे.

माझ्याकडनं पाचपैकी साडेचार, अर्धा बोचण्याबद्दल आणि लव गळण्याबद्दल कापला. घ्यायची असेल तर ऐन यात्रेच्या गर्दीत जाऊ नका, त्यांना वेळ नसतो आणि चांगला माल आधीच गेलेला असतो. दसऱ्याच्या आधी जाऊन ऑर्डर सांगा, जावळाची लोकर जमली की ते फोन करतात. लांबी स्वतःच्या उंचीपेक्षा चांगली हातभर जास्त सांगा म्हणजे पायाखाली दुमडता येते. आम्ही ह्या खेपेला दोन सांगितल्यात, एक दुकानावर ठेवायला आणि एक करड्या रंगाची चाचींना, त्यांनी पैसे आधीच हातात ठेवलेत.