एकाच शहरातले दोन स्थलांतरित समाज: अमेरिकेतील ब्रह्मी आणि मॅसिडोनियन वस्त्यांचा तुलनात्मक आढावा

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातले फोर्ट वेन हे २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे २,६४,००० वस्तीचे शहर आहे. आग्नेय युरोपातल्या मॅसिडोनिया प्रदेशातून आलेल्या स्थलांतरितांची एक जुनी आणि महत्त्वाची संघटना १९२२ मध्ये याच शहरात स्थापन झाली, आणि १९९० च्या दशकापासून ब्रह्मदेशातून, म्हणजे आजच्या म्यानमारमधून, आलेल्या निर्वासितांची अमेरिकेतली एक मोठी वस्तीही याच शहरात उभी राहिली. एकच बाजारपेठ, एकच नगरपालिका आणि तेच कारखाने, पण आगमनात जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर, असे हे दोन समाज आहेत. त्यांची तुलना करण्यासाठी याहून सोयीचे ठिकाण मला ठाऊक नाही.

इंडियाना, मिशिगन, ओहायो किंवा मिनेसोटा या भागांत राहणाऱ्या आणि आपला वेळ अथवा देणगी यांपैकी कोणत्या समाजाच्या कामासाठी द्यावी असा विचार करणाऱ्या वाचकांसाठी हा आढावा लिहिला आहे. समाजकार्याच्या किंवा स्थलांतराच्या अभ्यासासाठी क्षेत्र निवडणाऱ्या विद्यार्थ्यांनाही तो उपयोगी पडेल. माझे मत आधीच सांगतो: प्रत्यक्ष मदतीची गरज ब्रह्मी समाजाला कितीतरी अधिक आहे. मात्र सरासरी उत्पन्नाचे दोन आकडे शेजारी ठेवून या निष्कर्षाला येणे धोक्याचे आहे, कारण त्या आकड्यांवरून गरज दिसते, पण ती कशातून निर्माण झाली आणि नेमकी कुठे आहे हे कळत नाही.

आकडे कोणाला मोजतात

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१९ च्या जनगणना विभागाच्या माहितीवरून काढलेल्या आकड्यांनुसार अमेरिकेतल्या ब्रह्मी कुटुंबांचे मध्यक वार्षिक उत्पन्न ४४,४०० डॉलर होते. त्याच वर्षी सर्व अमेरिकी कुटुंबांचे मध्यक उत्पन्न सुमारे ६५,७०० डॉलर, तर भारतीय वंशाच्या कुटुंबांचे १,१९,००० डॉलर होते. ब्रह्मी समाजातली चारांपैकी एक व्यक्ती दारिद्र्यरेषेखाली होती, आणि हे प्रमाण आशियाई गटांमध्ये सर्वांत वरच्यांपैकी होते. ब्रह्मी कुटुंबे आकाराने मोठी असतात आणि तेच उत्पन्न अधिक माणसांत वाटले जाते, हे लक्षात घेतले तर माणशी चित्र आणखी बिकट होते. याउलट मॅसिडोनियन वंशाची कुटुंबे साधारणपणे अमेरिकी मध्यमवर्गात मोडतात.

येथे एक अडचण आहे. जनगणनेत ब्रह्मी माणूस सापडतो तो मुख्यतः जन्मस्थानाच्या किंवा वंशगटाच्या रकान्यात, तर मॅसिडोनियन माणूस सापडतो तो ‘तुमचे पूर्वज कुठले’ या प्रश्नाच्या उत्तरात. म्हणजे एका बाजूला परवा-परवा विमानातून उतरलेला कामगार आहे आणि दुसऱ्या बाजूला ज्याचे पणजोबा १९१० मध्ये आले असा, इंग्रजीच मातृभाषा असलेला वकील किंवा शिक्षकही आहे. शिवाय २००० च्या जनगणनेत आपले पूर्वज मॅसिडोनियन असल्याचे सांगणारे सुमारे ३८,००० लोकच होते. पहिल्या पिढीतल्या अनेकांची नोंद तुर्क, बल्गेरियन, ग्रीक किंवा सर्ब अशी झाली होती आणि त्यांचे कित्येक वंशज आज या गणनेत येतच नाहीत. उलट, उत्तर मॅसिडोनियात जन्मलेल्या स्थलांतरितांमध्ये अल्बेनियन, तुर्क आणि रोमा लोकही असतात. त्या देशाच्या लोकसंख्येत अल्बेनियन सुमारे एक चतुर्थांश आहेत.

ब्रह्मी हा शब्दही असाच ढोबळ आहे. लोकमान्यांचा मंडाले येथील तुरुंगवास आणि रत्नागिरीचा थिबा राजवाडा यांमुळे मराठी वाचकाच्या मनात ब्रह्मदेशाचे एकच चित्र असते, पण अमेरिकेत आलेल्या निर्वासितांत बहुसंख्य बमार लोकांपेक्षा चिन (हे चिनी नव्हेत, ब्रह्मदेशातल्याच चिन राज्यातले लोक), कारेन, मोन, रोहिंग्या अशा अल्पसंख्य समाजांचेच प्रमाण मोठे आहे. त्यांच्या भाषा वेगळ्या आहेत, धर्म वेगळे आहेत, आणि ज्या सैन्याने त्यांना देशोधडीला लावले त्याची भाषा ब्रह्मीच होती, ही गोष्ट दुभाषा नेमताना विसरून चालत नाही.

मॅसिडोनियन वाट

मॅसिडोनियन पुरुष पिढ्यान्‌पिढ्या कमाईसाठी परमुलखात जात आणि पैसे घेऊन गावी परतत. ऑगस्ट १९०३ मधला, तुर्कांच्या ऑटोमन सत्तेविरुद्धचा इलिंडेनचा उठाव सैन्याने चिरडला, गावे जाळली गेली, आणि या जुन्या वाटेला अमेरिकेची दिशा मिळाली. बितोला, कोस्तुर आणि लेरिन (शेवटचे दोन आज ग्रीसमध्ये आहेत) या भागांतून आलेले हे लोक इलिनॉयमधले ग्रॅनाइट सिटी, पेनसिल्व्हेनियामधले स्टीलटन, इंडियानातले गॅरी अशा पोलादी गावांत राहिले. एकेका खोलीत अनेकजण दाटीवाटीने झोपत. ग्रॅनाइट सिटीमधल्या त्यांच्या वस्तीला ‘हंगेरी हॉलो’ म्हणत. १९०७ च्या मंदीत कामे बंद पडल्यावर तिथे अशी उपासमार झाली की लोक तिला ‘हंग्री हॉलो’, म्हणजे भुकेल्यांची खोलगट वस्ती, म्हणू लागले. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिलिंगहॅम आयोगाच्या, म्हणजे स्थलांतराची चौकशी करणाऱ्या अमेरिकी संसदेच्या आयोगाच्या, अहवालाने दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या स्थलांतरितांना अमेरिकी समाजात न मिसळणारे ठरवले, आणि १९२४ च्या कायद्याने त्यांच्यासाठी दार जवळजवळ बंद केले.

आज जो समाज सुस्थितीत दिसतो त्याचे हे मूळ आहे. त्याची चढण ज्या गोष्टींमुळे शक्य झाली त्यांतल्या काही आज उपलब्ध नाहीत. इंग्रजी न येणाऱ्या मजुरालाही पोलादाच्या भट्टीवर काम मिळे, आणि १९३० च्या दशकात कामगार संघटना बळकट झाल्यावर त्याच कामावर घर घेण्याइतका पगार मिळू लागला. ज्यांनी कारखाना सोडला ते छोट्या उपाहारगृहांच्या धंद्यात शिरले. फोर्ट वेनमध्ये १९१४ साली सुरू झालेले कोनी आयलंड हे सॉसेज-पावाचे दुकान लवकरच एका मॅसिडोनियन कुटुंबाकडे आले आणि पुढच्या पिढ्यांनी ते चालवले. सिनसिनाटीची प्रसिद्ध चिली, म्हणजे खिम्याचा मसालेदार रस्सा, १९२२ मध्ये किराजीफ बंधूंनी सुरू केली, तेही मॅसिडोनियातून आलेले होते. अशा दुकानाला भांडवल थोडे लागे, घरातलीच माणसे राबत आणि गावाकडून आलेल्या पुतण्याला पहिल्या दिवसापासून काम मिळे.

नंतरचे मॅसिडोनियन वेगळ्या काळात आले. १९४६ ते १९४९ च्या ग्रीक यादवी युद्धानंतर अनेक जण टोरांटोला गेले, १९६० च्या दशकात, मॅसिडोनिया ज्याचा भाग होता त्या युगोस्लाव्हियाने बाहेर जाण्याची मुभा दिल्यावर डेट्रॉइट आणि न्यू जर्सीत नवी भर पडली, आणि १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाल्यानंतर व्हिसाच्या सोडतीतून किंवा नातेवाइकांच्या आधाराने लोक येत राहिले. त्यांच्या हाती बहुधा शालेय शिक्षण आणि एखादे कौशल्य होते, आणि स्वागताला आधीचा समाज उभा होता.

ब्रह्मी वाट

१९८८ चा लोकशाहीचा उठाव चिरडला गेल्यावर काही कार्यकर्ते आणि विद्यार्थी अमेरिकेत पोहोचले. फोर्ट वेनमधली सुरुवातीची वस्ती त्यांची. मोठा ओघ मात्र नंतरचा आहे. थायलंडच्या सीमेवर १९८४ पासून कारेन निर्वासितांच्या छावण्या होत्या, आणि तिथून सामूहिक पुनर्वसन २००५ मध्ये सुरू झाले. २०१४ च्या आरंभापर्यंत या छावण्यांतून सुमारे ७३,००० माणसे अमेरिकेत आली. चिन लोक मुख्यतः मलेशियातून, आणि काही थोडे नवी दिल्लीतून आले. या तिन्ही देशांनी १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे छावणीत किंवा क्वालालंपूरच्या झोपडीत काढलेल्या दहा-वीस वर्षांत या माणसांना कायदेशीर काम करता आले नाही आणि त्यांच्या मुलांना धड शाळा मिळाली नाही. माझ्या मते ब्रह्मी समाजाच्या आजच्या उत्पन्नामागचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. मॅसिडोनियन मजूरही निरक्षर असे, पण तो तरुण होता, एकटा होता आणि स्वतःहून निघालेला होता. कारेन कुटुंब आजीपासून तान्ह्या मुलापर्यंत सगळे एकत्र आले, आणि येताना विमान तिकिटाचे कर्जही डोक्यावर घेऊन आले. पुनर्वसन संस्थांची आरंभीची मदत पहिल्या ९० दिवसांपुरती असते. तेवढ्यात घर, काम, शाळा आणि डॉक्टर हे सगळे बसवायचे असते.

कामे मिळाली ती मांस प्रक्रिया कारखान्यांत, गोदामांत आणि हॉटेलांच्या साफसफाईची. मांस कारखान्यांत भाषा फारशी लागत नाही आणि ताशी पगार बरा असतो, म्हणून ब्रह्मी कुटुंबे मिनेसोटा, कोलोरॅडो, टेक्सास अशी कामामागे फिरली. पण हे काम शरीर झिजवणारे आहे, आणि २०२० च्या साथीत अशाच कारखान्यांत संसर्ग झपाट्याने पसरला. पाच वर्षांपेक्षा मोठ्या ब्रह्मी व्यक्तींपैकी निम्म्याहून कमी लोकांना चांगले इंग्रजी येते, त्यामुळे बढती मिळून पर्यवेक्षक होण्याची वाट अनेकांना बंदच राहते.

असे असूनही हा समाज एकसारखा गरीब नाही. इंडियानापोलिसच्या दक्षिणेला साउथपोर्ट आणि पेरी टाउनशिप परिसरात चिन समाजाने घरे घेतली आहेत, किराणा दुकाने आणि चर्च उभी केली आहेत. एका घरातले तीन-चार कमावते हात एकत्र आल्यामुळे हे साधले. तिथल्या सरकारी शाळांत ब्रह्मी कुटुंबांतली मुले मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांतली मोठी मुले आता महाविद्यालयांत जाऊ लागली आहेत. सेंट पॉलमधल्या कारेन समाजाने २००८ मध्ये स्वतःची संस्था काढली. मिलवॉकीतले रोहिंग्या मात्र उशिरा आले, त्यांच्यातल्या अनेकांना शाळा मिळालीच नव्हती आणि त्यांच्या रोजच्या बोलीला सर्वमान्य लिपी नाही. चिन आणि रोहिंग्या यांच्यातले अंतर चिन आणि मॅसिडोनियन यांच्यातल्या अंतराइतकेच खरे आहे.

आरोग्य आणि स्वीकार

आरोग्याच्या बाबतीत फोर्ट वेनचे एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. २००९ मध्ये तिथल्या काही ब्रह्मी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण धोकादायक आढळले. अशा वेळी जुन्या घरांच्या रंगाकडे बोट दाखवले जाते, परंतु तपासात थनाका हा गालांवर लावायचा लेप आणि ‘डॉ त्वे’ हे लहान मुलांना पचनासाठी दिले जाणारे पारंपरिक औषध यांच्याशी त्याचा संबंध दिसून आला. घरात जाऊन, विश्वास मिळवून विचारणारे कोणी नसते तर हे कळलेच नसते. मॅसिडोनियन समाजाला आज अशा कामाची गरज नाही. त्यांच्या आरोग्याचे प्रश्न वृद्धांचे आहेत आणि ते शेजारच्या कोणत्याही अमेरिकी घरासारखेच आहेत.

स्वीकाराबाबत मात्र दोघांची कहाणी जुळते. २०१० च्या सुमारास फोर्ट वेनमधल्या एका कपडे धुण्याच्या केंद्रावर, स्वच्छतेच्या कारणास्तव ब्रह्मी लोकांना प्रवेश नाही, अशी पाटी लागली होती आणि तीव्र निषेधानंतर ती काढावी लागली. शंभर वर्षांपूर्वी ग्रॅनाइट सिटीतल्या मॅसिडोनियन आणि बल्गेरियन मजुरांविषयी याच भाषेत बोलले जात होते. त्या पाटीनंतर दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१२ मध्ये, आँग सान सू ची याच फोर्ट वेनमध्ये आल्या आणि हजारो लोक त्यांना ऐकायला जमले. पुढे २०१७ मध्ये रोहिंग्यांवर झालेल्या अत्याचारांच्या वेळी त्यांनी घेतलेल्या भूमिकेमुळे त्यांच्याविषयीचे मतही समाजासमाजांत दुभंगले, हेही तिथे काम करणाऱ्याने जाणून असावे.

कायद्याची सुरक्षितता

गेल्या काही वर्षांत सर्वांत मोठी दरी याच बाबतीत पडली आहे. मॅसिडोनियन वंशाचे बहुतेक लोक जन्माने अमेरिकी नागरिक आहेत. त्यांचा देश मार्च २०२० मध्ये नाटोत सामील झाला आणि येणे-जाणे सुरळीत आहे. ब्रह्मदेशात १ फेब्रुवारी २०२१ रोजी सैन्याने सत्ता घेतली, त्याच वर्षी चिन राज्यातले थांतलांग गाव पेटवले गेले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा लागू झाला. इंडियानापोलिसमधला कामगार आपल्या पगारातून तिकडच्या विस्थापित नातेवाइकांना पैसे पाठवतो आणि तो खर्च उत्पन्नाच्या कोणत्याही आकड्यात दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने निर्वासितांचा प्रवेश स्थगित केला आणि जूनमध्ये ब्रह्मदेशाच्या नागरिकांवर प्रवेशबंदी घातली, त्यामुळे अनेक कुटुंबांचे एकत्र येणे थांबले. जुलै २०२५ च्या कायद्याने, ग्रीन कार्ड न मिळालेल्या निर्वासितांना सरकारी अन्नसाहाय्याच्या योजनेतून वगळले. १९२४ नंतर मॅसिडोनियन कुटुंबेही अशीच तुटली होती.

निवड करताना

ज्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ देता येईल, त्यांनी ब्रह्मी समाजाकडे वळावे, आणि त्यातही आपल्या गावात नेमका कोणता समाज आहे हे आधी विचारून घ्यावे. प्रौढांना इंग्रजी शिकवणे, नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करून घेणे, रुग्णालयात सोबत जाणे आणि महाविद्यालयाचे अर्ज भरायला मुलांना मदत करणे, ही तिथली खरी कामे आहेत. देणगी द्यायची असेल तर समाजाने स्वतः चालवलेल्या संस्थांना द्यावी. ग्रीन कार्डच्या अर्जासाठी कायदेशीर मदत पुरवणाऱ्या कामाला आज मी पहिला क्रम देईन. रोहिंग्या आणि उशिरा आलेल्या कारेन कुटुंबांची गरज इंडियानातल्या स्थिरावलेल्या चिन समाजापेक्षा अधिक आहे.

संशोधक विद्यार्थ्याचा निर्णय वेगळा असू शकतो. मॅसिडोनियन समाजाची जुनी पिढी झपाट्याने संपत आहे, आणि १९२७ पासून निघालेल्या ‘मॅसिडोनियन ट्रिब्यून’सारख्या वृत्तपत्राच्या फायली, चर्चच्या नोंदी आणि घराघरांतली पत्रे यांवर काम करायला बल्गेरियन किंवा मॅसिडोनियन भाषा आणि चिकाटी लागते. ती ज्याच्याकडे आहे त्याने हे काम लवकर हाती घ्यावे. दोन्ही समाज एकत्र अभ्यासायचे असतील तर त्यांची आजची उत्पन्ने शेजारी ठेवू नयेत. १९३० चा मॅसिडोनियन समाज आणि २०२५ चा ब्रह्मी समाज, म्हणजे आगमनापासून साधारण सारखाच काळ लोटलेले दोन समाज, घ्यावेत आणि त्यासाठी फोर्ट वेनपासून सुरुवात करावी.