मेटलचं लाउंज करायचंय: बोसा नोव्हा की स्विंग?

तारकर्ली किंवा गणपतीपुळ्याच्या रिसॉर्टवर रात्रीच्या जेवणाला वाजवायचंय आणि यादीत मेटलची (कर्कश गिटारच्या जड रॉकची) गाणी लाउंजच्या, म्हणजे जेवताना ऐकायच्या मऊ थाटात हवीत, तर निवड गाण्यावरून करा. गाणं चालीवर उभं असेल तर बोसा (ब्राझीलची हळुवार शैली), रिफवर, म्हणजे परत परत येणाऱ्या छोट्या तुकड्यावर उभं असेल तर स्विंग (झुलत्या ठेक्याचं जॅझ).

आधी दोन नमुने ऐका. अमेरिकन गायक पॅट बूनने १९९७ साली मेटल गाण्यांचा अख्खा अल्बम बिग बँडच्या (ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या मोठ्या जॅझ ताफ्याच्या) थाटात केला. स्वीडनच्या हेलसाँग्ज बँडने आयर्न मेडन या मेटल बँडचं 'रन टू द हिल्स' मऊ गळ्याने गायलं. त्यात शब्द कानात शिरतात, आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या संहाराचं ते गाणं किती दुखरं आहे ते कळतं. आमच्या मते लाउंजची खरी ताकद हीच.

पहिलं काम दोन्हीकडे सारखंच. मेटलच्या पॉवर कॉर्डमध्ये (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) फक्त सा आणि प असतात, कारण डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजात, ग मिसळला की आवाज गढुळतो. स्वच्छ टोनला ती अडचण नाही. कोमल ग, कोमल नि आणि वरचा शुद्ध रे भरा, झाली मायनर नाइन्थ ही भरीव कॉर्ड. नुसता सा-प ठेवलात तर गाणं पोकळ वाजतं.

मेटॅलिकाचं 'एंटर सँडमन' (१९९१) घ्या. पांढरी तीनला सा धरला तर रिफमध्ये सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म. बोसात तीव्र म वर बी फ्लॅट सेव्हन ही कॉर्ड ठेवा आणि शुद्ध म च्या ए मायनर सेव्हनवर उतरा. बी फ्लॅट सेव्हन इथे ई सेव्हनची जागा घेतो, दोघांचे दोन सूर एकच आहेत. छान बसतं, पण रिफचा दरारा जातो. स्विंगमध्ये तोच रिफ कीबोर्डच्या डाव्या हाताला द्या आणि तीव्र म वर ट्रम्पेटचा ठोसा. हे गाणं आम्ही स्विंगलाच देऊ.

पट्टी पांढरी एक घ्या. गळ्याला चार अर्धस्वरांचा उतार मिळतो. गिटारला तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून ए मायनरचे आकार चालतात. लग्नाच्या बँडमधला ट्रम्पेटवाला घेतलात तर त्याचं वाद्य बी फ्लॅटचं, म्हणजे लिहिलेल्यापेक्षा एक स्वर खाली वाजणारं, म्हणून त्याला डी मायनर वाजवायला सांगा. मूळ पट्टीत त्याला एफ शार्प मायनर आला असता, तीन शार्पचा.

बोसाचा घात ठेक्यात होतो. कहोनवर (बसून वाजवायच्या लाकडी पेटीवर) ढोलकीवाला बसवला की दहा मिनिटांत केरवा सुरू. गिटारच्या अंगठ्याने पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर खर्ज सांभाळायचा, बोटं मात्रांच्या मधे पडली पाहिजेत. कहोनवाल्याने बोटांच्या मागे जायचं, समेवर थाप नको. स्विंगमध्ये उलट चूक होते: मात्रेचे दोन भाग सारखे वाजतात. पहिला दुसऱ्याच्या दुप्पट हवा.

उघड्या अंगणात बोसा अवघड. हळू गाण्यासाठी माईक वाढवला की वारा आणि लाटाही वाढतात, मग स्पीकरची शिट्टी. माईकला फोमची टोपी, ओठांपासून तीन-चार सेंटिमीटर अंतर, मिक्सरवर शंभर हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा घुमारा कापणारं बटण). ट्रम्पेटला माईक लागत नाही, लाईट गेली तरी तो चालू. पण जेवणाऱ्यांच्या टेबलाजवळ त्याला म्यूट (तोंडात बसवायचं आवाज दाबणारं बूच) लावाच. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर आणि वाद्यंही बंद, तेव्हा उशिराचा भाग आत बंद हॉलमध्ये, माईकशिवाय, नायलॉनच्या गिटारवर काढावा. खाऱ्या हवेत तिच्या बारीक सुरांच्या तीन तारा गंजत नाहीत, खर्जाच्या तीन तारांवर मात्र धातूची गुंडाळी असते, ती काळवंडते, आणि दर दोन गाण्यांनी सूर तपासावा लागतो.