पॅरेटो चार्ट: फाउंड्रीत काही महिने वापरल्यावर

कोल्हापूरच्या एका ग्रे आयर्न फाउंड्रीत (बिडाच्या ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटी बघतो. दिवाळीपासून रिजेक्शनचा (नाकारलेल्या मालाचा) पॅरेटो लावतोय.

काढायला सोपा: दोषांचे खांब मोठ्यापासून लहानाकडे आणि वर चढत जाणारी एकत्रित टक्केवारीची रेघ. एक्सेल २०१६ पासून तयारच मिळतो. पण त्यात 'इतर'चा खांब आकड्याप्रमाणे मध्येच घुसतो, तो शेवटी हवा. म्हणून मी साध्या कॉलम चार्टवर रेघ जोडतो. आणि 'इतर' फुगला, तर तपासणारा दोषाचं नाव न शोधता खूण मारतोय असं समजा.

खरा प्रश्न मोजायचं काय. नग मोजले तर आमच्याकडे सँड इन्क्लुजन (कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, अडकलेली वाळू) पहिला; तेच रुपयांत मांडलं की ब्लो होल (वायूमुळे आत राहिलेली पोकळी) पुढे. वाळूचा दोष बहुतेक वेळा फेटलिंगलाच (ओतलेला भाग साफ करताना) दिसतो, कास्टिंग परत भट्टीत. ब्लो होल मात्र मशीन शॉपमध्ये टूल लागल्यावर उघडं पडतं, तोवर मशीनिंगचे पैसेही गेलेले. मालकांपुढे मी रुपयांचाच चार्ट ठेवतो.

खांबावर 'ब्लो होल' लिहिलं म्हणजे कारण सापडलं नाही. वाळूत ओलावा जास्त, कोअर (भागाच्या आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) कच्चा, व्हेंट (वायू बाहेर जायची वाट) बुजलेला, लोखंड थंड, काहीही असू शकतं. म्हणून तो एकच खांब पार्टनुसार, शिफ्टनुसार फोडायचा. आमच्याकडे शिफ्टमध्ये फरकच निघाला नाही (रात्रपाळीला बोल लावणारे गप्प झाले), एक कोअरवालं हाउसिंग मात्र उठून दिसलं. व्हेंट सुधारल्यावर तो खांब खाली आला. हे टक्केवारीच्या चार्टवर नीट कळत नाही, कारण बेरीज कायम १००. दोन महिने शेजारी ठेवताना डावा अक्ष सारखा ठेवा, एकूण रिजेक्शनही लिहा.

८०-२०ची (८० टक्के दोष २० टक्के कारणांमुळे) जपमाळ नको. इटालियन अर्थतज्ज्ञ पॅरेटो यांचा विषय संपत्तीची वाटणी. दोषांना त्यांचं नाव क्वालिटीतले तज्ज्ञ जोसेफ ज्युरान यांनी लावलं आणि १९७५ मध्ये ते चुकीचं असल्याचं स्वतःच कबूल केलं. सगळे खांब एकाच उंचीचे आले, तर वर्गवारी बदलून बघा.

आणि ब्रेकच्या पार्टला तडा एकच सापडला, तर तो चार्टच्या शेपटाला जातो. तिथे मी चार्ट बघत नाही, आधी लॉट अडवतो.