रजोनिवृत्तीची हार्मोन थेरपी: ऑनलाइन डॉक्टर, फॅमिली डॉक्टर आणि काही महिन्यांचा अनुभव

व्हिडिओ कन्सल्टेशनवर सुरू केलेली एस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन थेरपी आता छान लागू पडली आहे. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा कमी झाल्या, झोप लागते. उपचाराबद्दल तक्रार नाही. गोंधळ होतो तो दोन डॉक्टरांच्या मध्ये, कारण एकाने काय दिलं ते दुसऱ्याला माहीत नसतं.

ऑनलाइनवर वेळ मिळतो, हा मोठा फायदा. मायग्रेन, पायात रक्ताची गुठळी, घरातला स्तनाचा कर्करोग, सगळं निवांत विचारतात. फॅमिली डॉक्टर मात्र अजून 2002 च्या अमेरिकी अभ्यासाच्या धास्तीत असू शकतात, ज्यात या थेरपीने स्तनाचा कर्करोग आणि हृदयविकाराचा धोका वाढल्याचं दिसलं होतं. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. साठीच्या आत किंवा पाळी थांबून 10 वर्षं व्हायच्या आत सुरू केली, तर बहुतेक निरोगी बायकांना धोक्यापेक्षा फायदा जास्त. सोबत गळ्यात मारलं जाणारं महागडं ‘हार्मोन पॅनेल’ (एकदम अनेक हार्मोनच्या रक्ततपासण्या) मात्र घेऊ नका. पंचेचाळिशीनंतर लक्षणं स्पष्ट असतील तर एफएसएच (पाळी थांबत आल्याचं दाखवणारं हार्मोन) तपासायचीसुद्धा गरज नसते.

स्क्रीनवरून बीपी मोजता येत नाही, स्तनांची तपासणी होत नाही. ते काम फॅमिली डॉक्टर किंवा जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच. घरी दंडाचं बीपी मशीन ठेवा. 5 मिनिटं शांत बसून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन रीडिंग, आठवडाभर. तो कागद दोन्हीकडे दाखवा.

एस्ट्रोजेन जेल 0.06 टक्क्याचं असेल तर 2.5 ग्रॅममध्ये 1.5 मिलिग्रॅम औषध असतं. आंघोळीनंतर कोरड्या दंडावर किंवा मांडीवर पातळ पसरा, चोळू नका, स्तनांवर कधीच नाही. हात साबणाने धुवा आणि ती जागा तासभर कुणाच्या, विशेषतः लहान मुलांच्या, अंगाला लागू देऊ नका. जेलमध्ये अल्कोहोल असतं, म्हणून वाळेपर्यंत गॅस आणि देवापुढच्या दिव्यापासून लांब. एस्ट्रॅडिऑलची (रक्तातल्या एस्ट्रोजेनची) तपासणी सांगितलीच, तर जेल लावलेल्या हातातून रक्त देऊ नका. आकडा खोटा वाढलेला येतो.

सगळ्यात जास्त काळजी प्रोजेस्टेरॉनची. त्याच्या मायक्रोनाइज्ड (अगदी बारीक कण केलेल्या) कॅप्सूलने गुंगी येते, म्हणून ती झोपताना घ्यायची: रोज 100 मिलिग्रॅम, किंवा महिन्यातले 12 दिवस 200. ‘सुस्ती येते’ म्हणून बायका ती परस्पर सोडतात आणि जेल चालू ठेवतात. गर्भाशय असेल तर हे धोक्याचं आहे: एकट्या एस्ट्रोजेनने आतलं अस्तर जाड होतं आणि कर्करोगाची शक्यता वाढते. गर्भाशय काढलेलं असेल, तर बहुतेकींना ही कॅप्सूल लागत नाही.

थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी हे नक्की वाचा. तोंडाने घेतलेल्या एस्ट्रोजेनमुळे रक्तातलं थायरॉइड हार्मोन बांधून ठेवणारं प्रथिन वाढतं आणि टीएसएच (थायरॉइड कमी पडतं तेव्हा वाढणारा तपासणीतला आकडा) वर जातो. फॅमिली डॉक्टर कारण न कळता थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, वाढवतात. पुढे ऑनलाइन डॉक्टर एस्ट्रोजेनची गोळी बंद करून जेल देतात, थायरॉक्सिन तेवढंच राहतं आणि धडधड सुरू होते. जेलने सहसा असं होत नाही. म्हणून एस्ट्रोजेनची गोळी सुरू किंवा बंद झाली की 6 ते 12 आठवड्यांनी टीएसएच. टीबीच्या रिफॅम्पिसिनने एस्ट्रोजेनचा असर कमी होतो, तेही दोघांना सांगायला हवं.

यावर उपाय म्हणजे एक कागद: औषध, मिलिग्रॅम, सुरू केल्याची तारीख, बदल, बदलाचं कारण. त्याचा फोटो फोनमध्ये आणि प्रत फॅमिली डॉक्टरांच्या फाइलमध्ये. प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, पाहा. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार तो हवाच. केमिस्टने ब्रँड बदलला तर मिलिग्रॅम जुळवा.

पहिले 3 ते 6 महिने थोडं डाग लागणं चालतं. त्यानंतर रक्त गेलं, किंवा आधीच जोरात गेलं, तर चॅटवर न विचारता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन सोनोग्राफी. एकाच पोटरीला सूज, छातीत दुखणं किंवा अचानक धाप असेल, तर थेट हॉस्पिटल.